तारीख आता इंदापूरला

भवानीनगर,
मंगळवार, दुपार

प्रिय झुंबर,

'प्रिय' लिहिलं आणि चहा उतू जाईल म्हणून उठून आत गेले, तर गॅसवर चहा नव्हताच. सकाळपासून हे असंच चाललंय. गोठ्यात जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. सहा वर्षं तुझं नाव मी फक्त कोर्टाच्या कागदावर वाचलंय, 'प्रतिवादी' या शब्दाच्या पुढं. त्याच्या आधी 'प्रिय' लावायची हाताला सवय राहिलेली नाही. पण वालचंदनगरच्या शाळेत बाईंनी पत्र लिहायला शिकवलं, तेव्हा माझं पहिलं पत्र तुलाच होतं. कंपनीच्या क्वार्टरात आपली भिंतीला भिंत, तरी वर तिकिटाची चौकोनी जागा आखून दिलेलं. तू ते वाचलंस, लाल पेनानं माझ्या चुका काढल्यास आणि परत दिलंस. याही पत्रात काढ हव्या तर. फक्त शेवटपर्यंत वाच.

फोन का केला नाही म्हणशील. केला असता तर तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर आपण दोघी रडत बसलो असतो आणि कामाचं राहून गेलं असतं. घरी यावं, तर वकील मोहनरावांनी बजावलंय, दावा चालू असताना समोरच्या पार्टीच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. पत्राचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. माझी तेजश्री उद्या दुकान उघडायला बारामतीला जाईल तेव्हा पिंपळीला उतरून तुझ्या हातात देईल. तोंड वाकडं करील, पण देईल. तिला चहा विचारू नकोस, ती घेणार नाही. विचारलास तरी चालेल.

आधी बातमी सांगते. सरकारनं लहान कोर्टाची मर्यादा वाढवलीय. तुला आठवत असेल, आपला दावा बारामतीच्या मोठ्या कोर्टात का गेला. आपल्या रोपवाटिकेच्या शेडनेटचे पाइप, जाळी, ट्रे आणि बुडालेला हंगाम असं सगळं धरून मोहनरावांनी जो आकडा मांडला, तो इंदापूरच्या लहान कोर्टाला जितक्याचे दावे चालवता येतात त्याच्या जरासा वर गेला. जरासाच. मोहनराव तेव्हा म्हणाले होते, थोडं कमी धरू. मी म्हटलं, एक ट्रेसुद्धा सोडणार नाही. तुझ्यावरचा राग होता तो, बाकी काही नाही. आता मर्यादाच वर सरकली आणि आपला आकडा तिच्या खाली आला. झालं, फाइल उचलून इंदापूरला. मोहनराव तर पेढे वाटायला आल्यासारखे आले. म्हणाले, "तुळसाबाई, तुमचं काम आता आपल्या तालुक्यात आलं बघा. तितं गर्दी कमी. न्याय दारात आला तुमच्या." मी म्हटलं, कुणाच्या दारात? आमच्या भवानीनगरहून बारामती इतकी जवळ की नवीन चप्पल चावायच्या आत माणूस पोचतं, आणि इंदापूर म्हणजे गाडीत एक झोप काढून होते. हसले ते. म्हणाले, तुमच्यासारख्यांचे किरकोळ दावे मोठ्या कोर्टात खुनाच्या खटल्यांमागं ताटकळत बसायचे, ते आता सुटतील. ते खरंच आहे. कुणाचा बांध, कुणाचं भाडं, कुणाचा फसलेला इसार, अशा माणसांचं भलं होईल. मी नाही म्हणत नाही.

पण मला ते 'किरकोळ' लागलं गं. सहा वर्षं आपलं भांडण मोठं होतं. आपण ज्या दिवशी बोलायच्या बंद झालो, त्या दिवसापासून मला भाकरी नीट गेली नाही, आणि कुणीतरी मुंबईला कागदावर सही केली आणि ते लहान झालं. आकड्यानं लहान झालं हे मला कळतं. तरीपण दोन दिवस मी मोहनरावांशी धड बोलले नाही. ते बिचारे म्हणाले, "आवो, मी काय केलं?"

मधेच उठले होते. कारखान्याचा भोंगा झाला की नानांच्या जेवणाची वेळ, सगळ्या संसारात लागलेली सवय, अजून पाय आपोआप आत वळतात. दिवाळीनंतर ते गेले, हे तुला कळलंच असणार. तू आली नाहीस. मी दहाव्यापर्यंत दाराकडं बघत होते. नंतर तुझ्या गावच्या एका बाईनं सांगितलं की तू आली होतीस, रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभी राहिलीस आणि तिथूनच परत गेलीस. ते ऐकून मी तिला म्हटलं, बरं झालं आत आली नाही. असं म्हणाले खरी, आणि मग दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते.

तुझं ते लिंबाखाली उभं राहणं म्हणजे अगदी तूच. लहानपणापासून तू कुणाला काही विचारणार नाहीस आणि कुणाला काही सांगणार नाहीस. गणित अडलं तर पाटी पुढं सरकवून गप्प बसायचीस. आपली रोपवाटिका दहा वर्षं चालली ती एवढ्याचमुळं की बोलायचं काम माझ्याकडं होतं. शेतकऱ्याशी घासाघीस मी करायची, बियाण्याच्या कंपनीच्या पोराला झापायचं मी, औषध मारायचं मी, आणि तू ट्रेवर वाकून एकेका खड्ड्यात बी टाकत बसायचीस. तुझ्या हातची ढोबळी मिरची कधी मर रोग लागून गेली नाही. निमगावपासून माणसं यायची रोपाला. म्हणायची, "बोलणाऱ्या बाईचं काय बी असू द्या, पर रोप त्या मुक्या बाईच्या हातचं पायजे." मला राग यायचा आणि आनंदही व्हायचा.

आणि मग नानांच्या हृदयाचं ऑपरेशन. मी त्यांना घेऊन पुण्याला. रोपवाटिका तुझ्यावर टाकून गेले, डोळे झाकून. परत आले तर जागा मोकळी. शेडनेटचं एक टोक धरायला तो कडेचा सिमेंटचा खांब होता, तेवढाच उभा. पाइप, जाळी, ट्रे, सगळं ट्रॅक्टरमधून पिंपळीला गेलेलं. मी तशीच तुझ्याकडं आले, पायांतली चप्पलसुद्धा दवाखान्यातली होती. काय म्हणालीस तू? "तुळसे, मला इचारू नगंस." एवढंच. शिव्या दिल्या असत्यास, माझे पाइप आहेत म्हणाली असतीस, तरी मी भांडून मोकळी झाले असते. नानांना विचारलं तर ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "जाऊ दे." तू विचारू नकोस म्हणतेस, ते जाऊ दे म्हणतात. मग मी ठरवलं, दोघांनाही नाही विचारत, कोर्टालाच विचारते.

पहिलं समन्स निघालं तेव्हा बेलिफाला तुझं घर दाखवायला कोण जाणार, असा प्रश्न आला. दावा लावणाऱ्यानं घर दाखवायचं, ही रीत. नाना म्हणाले, मी जातो. ऑपरेशनला वर्षसुद्धा झालं नव्हतं, तरी बेलिफाला मोटारसायकलवर मागं बसवून गेले. बेलिफ लगेच एसटीनं परत आला, नाना तिन्हीसांजेला आले. बेलिफ सांगत होता, "त्या बाईनं च्या केला, मी घेतला आन निघालो. तुमचं मालक बसलंत तितंच." त्या रात्री मी त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि झोपायला गेले. समन्स द्यायला गेलेला माणूस चहा प्यायला बसतो म्हणजे काय? आता त्याच चहाचा विचार करत बसते.

तारखांचं तुला सांगायला नको. सकाळची गाडी मी इथं धरायची, खिडकीपाशी बसायची आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायची. पिंपळी फाटा आला की तू चढायचीस. जागा असली तर मागं जायचीस, नसली तर उभी. एकदा गाडी उतू चालली होती, तू माझ्याच सीटच्या दांडीला धरून उभी आणि माझी पिशवी आरामात बसलेली. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, पिशवीचं तिकीट काढलंय का?" सगळी गाडी हसली. तू कंडक्टरला म्हणालीस, "असू द्या. त्यांची पिशवी जड हाय." पिशवीत माझा डबा आणि छत्री होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बघत राहिले म्हणून एक गोष्ट दर तारखेला दिसायची. तुझ्या घरामागं ते पाइप एकावर एक रचलेले, त्यावर दोडक्याचा वेल चढलेला. पहिल्या वर्षी वाटलं, अजून उभारायचं असेल. दुसऱ्या वर्षी वेल, तिसऱ्या वर्षी वेल. मी मोहनरावांना म्हटलं, चोरून नेलेल्या मालावर कुणी दोडका चढवतं का? ते म्हणाले, "त्याचा दाव्याशी काय बी संबंध न्हाय." त्यांना प्रत्येक गोष्टीचा दाव्याशी संबंध नसतोच.

माझी साक्ष झाली तो दिवस तू विसरली नसशील. तुझ्या म्हाताऱ्या वकिलांनी इकडचं तिकडचं विचारलं, आणि मधेच म्हणाले, "औषध मारताना तुम्हाला खोकल्याचा त्रास व्हायचा का?" मी ताठ उभी राहून म्हटलं, नाही. तू खाली बसली होतीस, मान वर केलीस, माझ्याकडं बघितलंस आणि वकिलांच्या कोटाची बाही ओढलीस. ते पुढचं विचारायचे थांबले. मला तेव्हा वाटलं, समोरच्याची फजिती झाली. घरी येऊन नानांना रंगवून सांगितलं. ते जेवणावरून उठले.

झुंबरे, मी शपथेवर खोटं बोलले होते का? तेव्हा मला खरंच वाटत होतं की तो साधा खोकला. अंथरुणात उठून बसायला लागायचं, छातीत शिट्टी वाजायची, तरी मी म्हणायची, धुळीनं होतंय. पुण्याला नानांच्या डॉक्टरांनी एकदा माझीही छाती तपासली होती, मी खोकत होते म्हणून. मग नानांशी ते बाहेर काहीतरी बोलले. मी विचारलं तर नाना म्हणाले, काही नाही, ज्येष्ठमध चघळ. शेडनेट गेलं, औषधाचा पंप हातातून सुटला आणि वर्षाच्या आत माझा खोकला गेला. मी आख्ख्या गावाला ज्येष्ठमधाचे गुण सांगत फिरले.

नाना जायच्या आधी, पितृपंधरवड्यात असेल, मी शेंगा फोडत बसले होते तर म्हणाले, "झुंबरवर लई चिडू नगंस. त्यात माझं बी हाय." मी सूप आपटलं आणि उठून गोठ्यात गेले. मला ऐकायचं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आजारी पडल्यावर सगळ्यांना माफ करायला निघालाय. परत आले तेव्हा ते झोपले होते. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. आता कुणाला विचारू? ज्या दोघांना माहीत होतं, त्यातलं एक गेलं. दुसरी तू.

आता इंदापूरचं ऐक. तिथं दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला पुकारा झाला, तू नाहीस. वाटलं, गाडी चुकली असेल. दुसऱ्या तारखेला मी दारातच उभी राहिले, येणाऱ्या प्रत्येक हिरव्या लुगड्याकडं बघत. तू नाहीस. न्यायाधीश मॅडम तरुण आहेत, भराभर काम उरकतात. त्यांनी विचारलं, प्रतिवादीला कळवलंय का? कागदावर होतं, कळवलंय. आणि कसं कळवलंय ते मला माहीत होतं. दाव्यात तुझा पत्ता मोहनरावांनी आपल्या रोपवाटिकेचाच घातलेला. मागच्या वेळी नाना बेलिफाबरोबर गेले म्हणून घर सापडलं. यावेळचा बेलिफ नवीन, तो सरळ माझ्या दारात आला. मी म्हटलं, ती इथं राहत नाही, पिंपळीला राहते. तो म्हणाला, "बाई, कागदावर पत्ता हितलाच हाय. मला आजून चार गावं करायची हायती." आणि त्या उरलेल्या सिमेंटच्या खांबावर तुझ्या नावाची नोटीस चिकटवून, दोन पंचांच्या सह्या घेऊन गेला. मोकळ्या जागेत एक खांब आणि त्याला तुझं नाव. दोन दिवस शेळ्या तिचा कोपरा खात होत्या. मोहनरावांना सांगितलं तर म्हणाले, नियमानं बजावणी झालेली आहे, तुम्ही कशाला जीव जाळताय. शिवाय तुझे वकील काम सोडून पोराकडं पुण्याला गेलेत, तेही त्यांना माहीत. खूश होते.

माझं मन मला खात होतं, पण मी स्वतःला सांगितलं, तिला कळलं असेल आणि ती मुद्दाम येत नसेल. हरायची भीती वाटली असेल. असं सांगितलं की जरा बरं वाटायचं. मग काल संध्याकाळी तेजश्री घरी आली. तिचं झेरॉक्सचं दुकान बारामतीच्या कोर्टासमोर आहे, तुला माहीतच आहे. हात धुता धुता हसत म्हणाली, "आई, झुंबरमावशी आज बी आलती. दर सोमवारी येती. सकाळधरनं बाकावर बसती, डबा खाती, पुकारा ऐकती आन शेवटच्या गाडीनं जाती. फाइल कवाच इंदापूरला गेली आन ही बया हितं बसलीय." आणि म्हणाली, "आपल्याला काय, बरंच हाय की."

मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारची माणसं बाहेर आली. पोरगी रडकुंडीला आली. तिची काय चूक, तिला आम्हीच शिकवलंय तुझा राग करायला. पण माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही. बारामतीची शेवटची तारीख सोमवारची होती म्हणून तू दर सोमवारी जातेस. बोर्डावर नाव नसलं तरी बसतेस. कुणाला विचारत नाहीस. अगं, एकदा तरी विचारायचंस कुणाला! बाकावर बसून सगळ्यांची नावं ऐकायची आणि आपलं नाव आलं नाही की डबा बांधून घरी जायचं, असं कुणी करतं का? तू करतेस. आणि कशासाठी? माझ्याशी भांडायला. मी नसताना तू माझ्याशी भांडायला येऊन बसतेस, आणि मी तिकडं इंदापुरात तुझी वाट बघते. कालपासून मला एका जागी बसवत नाही.

म्हणून हे पत्र. पुढची तारीख येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी आहे. त्या दिवशी तू नसलीस तर मॅडम तुझी साक्ष बंद करतील, निकाल एकतर्फी लागेल आणि मी जिंकेन. मोहनराव तर हार आणायच्या तयारीत आहेत. मला तो निकाल नको. मला तू पिंजऱ्यात उभी राहिलेली हवीस. दावा मी मागं घेणार नाही, सांगून ठेवते. मागं घेतला की तू मूग गिळून जन्म काढशील, मला माहीत आहे तुझं. आणि पत्रातून विचारलं तर माझं मन राखायला काहीबाही लिहिशील. पण शपथ घेतल्यावर तू खोटं बोलणार नाहीस. मोहनरावांना मी एकच प्रश्न विचारायला सांगणार आहे, शेडनेट का नेलं. त्यांनी नाही विचारला तर मी उठून विचारीन, मग मॅडम मला बाहेर काढू देत. नानांनी सांगितलं होतं का तुला ते न्यायला, औषधाचा पंप माझ्या हातून सुटावा म्हणून? माझ्या छातीसाठी? सहा वर्षं मी तुला चोर म्हणत होते आणि तू ते ऐकून घेत होतीस का? जे असेल ते भर कोर्टात बोल, माझ्यासमोर, मोठ्यानं. आणि नुसते पाइप हवे होते म्हणून नेले असशील, तर तेही बोल, मी ऐकून घेईन. त्या दिवशी पिंपळी फाट्यावर रोजच्या बाजूला उभी राहू नकोस, ती बारामतीची बाजू. रस्ता ओलांड आणि सकाळची इंदापूर गाडी धर. आता उलटं होणार आहे बघ. तू आधी बसलेली असशील आणि मी भवानीनगरला चढेन. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायची असेल तर खुशाल ठेव. मी इंदापूरपर्यंत दांडीला धरून उभी राहीन. पण गाडीत अस.

तुझीच वादी,
तुळसा